पाळी गेल्यानंतर : पडद्याशी थांबून विचारलेले प्रश्न

तपासणी होते, औषध लिहून होतं, बाई उठून निघते. मग दाराच्या पडद्याला हात लावून मागे वळते आणि म्हणते, "मॅडम, अजून एक विचारू का?" तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर मला कळलंय की बाई ज्यासाठी आलेली असते ते बहुतेक वेळा हेच असतं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या बाबतीत तर हमखास. बाळंतपणं झाली, पाळी गेली, आता दवाखान्यात आपलं काय काम, असं त्यांना वाटतं. घरच्यांनाही तसंच वाटतं. पण पाळी गेल्यावर अजून पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. पडद्याशी विचारलेले ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पाळी कायमची गेली असं कधी म्हणायचं?

सलग बारा महिने पाळी आली नाही की. त्याआधी चार महिने चुकून पाचव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची. आपल्याकडे सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पंचेचाळिशीनंतर हे नैसर्गिकपणे होत असेल तर रक्तातले हार्मोन तपासायची सहसा गरज नसते. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र 'लवकर सुटले' म्हणून गप्प बसू नका. त्याची कारणं शोधावी लागतात, आणि हाडं व हृदय सांभाळायला औषधंही लागतात.

पाळी थांबली म्हणजे गर्भनिरोधक लगेच सोडायचं, असं नाही. पन्नाशीच्या आत थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष. आणि तांबी! दुसऱ्या बाळंतपणानंतर बसवलेली तांबी वीस वर्षं तशीच राहिलेली मी कितीदा तरी काढली आहे. पाळी गेल्यावर गर्भपिशवीचं तोंड आक्रसतं आणि तांबी काढणं अवघड होत जातं. तुमची काढली होती का, हे आठवून बघा. आठवत नसेल तर तपासून घ्या.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. परवा परकराला जरासा डाग दिसला. पाळी परत आली का?

नाही. बारा महिने उलटून गेल्यावर येणारं रक्त पाळीचं नसतं. एक थेंब असो, गुलाबी पाणी असो, तपकिरी डाग असो, दुखत असो वा नसो, याच आठवड्यात दाखवा. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. असं रक्त दिसलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. योनीची त्वचा पातळ होऊन चिरते, छोटासा मस असतो, जंतुसंसर्ग असतो, कधी तीच विसरलेली तांबी असते. पण दहावीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो, आणि हा कॅन्सर बहुधा सुरुवातीलाच रक्ताच्या रूपाने खूण देतो. तेव्हाच आली तर बहुतेक बाई पूर्ण बरी होते. "थोडंच होतं, थांबलं म्हणून आले नाही," असं म्हणत आठ महिन्यांनी आलेली बाई समोर बसते तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिला रागवावंसं वाटतं आणि रागवताही येत नाही, कारण अंगावर काढायला तिला आयुष्यभर आपणच शिकवलेलं असतं.

तपासणीत आधी आतून बघतात, मग सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर काळजीचं कारण सहसा नसतं. जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बायकांनी तर जास्तच जागं राहावं.

एकदाची पिशवी काढून टाकली की सगळ्या कटकटी मिटतात ना?

हा प्रश्न मला आजही रोज ऐकू येतो, आणि याचं उत्तर मी घाईत देत नाही.

कॅन्सर असेल, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव असेल, फार मोठ्या गाठी असतील, तर पिशवी काढणं योग्यच. पण "पांढरं जातं", "कंबर दुखते", "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम", "ठेवली तर कॅन्सर होईल" ही पिशवी काढायची कारणं नव्हेत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. जे शरीर चार-पाच वर्षांत हळूहळू शिकलं असतं ते त्याला ऑपरेशनच्या टेबलावरच सोसावं लागतं. अंगातून गरम वाफा जोरात येतात, हाडं लवकर झिजतात, आणि वय लहान असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं जागेवर ठेवून नुसती पिशवी काढली तरी ती काहीशी लवकर थकतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाळीमुळे कामावर खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या होत्या. त्या बायका आज काय सोसताहेत याबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. वयाच्या तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईची हाडं तपासायला हवीत, आणि अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यायला हवेत. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयं ठेवली की काढली, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा.

कुणी तातडीने पिशवी काढायला सांगितली आणि कारण पटलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

अंगातून वाफा निघतात, रात्री ब्लाउज भिजतो. किती दिवस चालणार हे?

काहींना सहा महिने, काहींना दहा वर्षं. पाळी अनियमित व्हायला लागल्यापासून धरलं तर सरासरी सातेक वर्षं. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. जराशा उष्णतेनेही तो अंग थंड करायला धावतो, म्हणून चेहरा लाल होतो, धडधडतं, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. तो भास नाही आणि नाटकही नाही, हे घरातल्यांनीही वाचावं.

सुती कपडे, उशाशी पाण्याचा तांब्या, संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि तिखट कमी, हे करून बघा. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरल्यावरही फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. ती मागायला संकोच करू नका.

एक सावधानता हवी. रात्रीचा घाम दर वेळी पाळीमुळेच येतो असं नाही. सोबत वजन घटत असेल, बारीक ताप असेल, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर आधी टीबी तपासा. हात थरथरत असतील, भूक लागूनही बारीक होत असाल तर थायरॉइड तपासा.

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. खरं आहे का?

ही भीती २००२ सालची आहे. अमेरिकेत हजारो बायकांवर एक मोठा अभ्यास सुरू होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला आणि अभ्यासाचा तो भाग मध्येच थांबवला गेला. बातमी जगभर गेली, आकडा मागेच राहिला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जणी जास्त, एवढी ती वाढ होती. त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली होती. पिशवी काढलेल्या ज्या बायका नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही.

आज समजूत अशी आहे : वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर जास्त आणि बाकी तब्येत ठीक, अशा बाईला हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेवर लावायच्या जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेल्या, यकृताचा आजार असलेल्या, किंवा कारण न कळलेलं रक्त जाणाऱ्या बाईने हे औषध घ्यायचं नाही. अशांसाठी बिनहार्मोनचे पर्याय आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये वाफांवर चांगल्या चालतात. त्या लिहून दिल्या म्हणजे तुम्हाला वेडं ठरवलं, असं समजू नका.

मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

खोकलं की थेंब गळतो. आणि खाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. वयाचंच ना हे?

वय असतं, पण त्यावर उपायही असतो. या एका त्रासापायी बायका लग्नकार्याला जायचं सोडतात, एसटीचा प्रवास टाळतात, बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. कमी पाण्याने लघवी घट्ट होते, आग होते, संसर्ग होतो आणि त्रास दुप्पट होतो.

खोकताना-शिंकताना गळणाऱ्या लघवीवर पहिला उपाय फुकटचा आहे. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, पाच आकडे मोजायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. भाजी निवडताना, मालिका बघताना, बसमध्ये बसून करा, कुणाला कळतही नाही. फरक दिसायला तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्या बायका मला "काही उपयोग नाही" म्हणतात.

अंग बाहेर येत असेल तर जड घागरी, सिलिंडर उचलणं थांबवा. कुंथावं लागू नये म्हणून बद्धकोष्ठ आधी बरा करा, जुना खोकलाही. ऑपरेशन नको असेल किंवा झेपणार नसेल तर आत बसवायची रबराची किंवा सिलिकॉनची रिंग मिळते. कितीतरी आज्या ती घालून शेतात जाताहेत.

संबंधाच्या वेळी दुखतं. नवऱ्याला सांगताही येत नाही.

योनीतला ओलावा कमी होतो, त्वचा पातळ होते, म्हणून दुखतं. तुमचं मन उडालंय किंवा तुम्ही थंड झाला आहात, असं त्यातून ठरत नाही. वाफा कालांतराने थांबतात, हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. पाण्यावर आधारित वंगण जेल औषधाच्या दुकानात मिळतं. त्याने भागलं नाही तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. ते रक्तात नगण्य उतरतं आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्गही कमी करतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी मात्र आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच वापरावं. खोबरेल तेल लावलं तर चालतं, पण निरोधसोबत नको, रबर खराब होतं.

नको असेल तेव्हा "नको" म्हणायला वयाची अट नाही. आणि साठीतही हवंसं वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

रोज कॅल्शियमची गोळी घेते. हाडांचं काम झालं ना?

अर्धवट झालं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता १० ते २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. नुसती गोळी घेऊन ती थांबत नाही. हाडाला भार लागतो, त्याला ओढणारे स्नायू लागतात, प्रथिनं लागतात, ड जीवनसत्त्व लागतं.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. आपलं स्वयंपाकघर यात श्रीमंत आहे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, मोठा पेला दुधात अडीचशेच्या जवळपास, मोठ्या चमचाभर तिळात शंभराच्या आसपास. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी आहेच. कोकणात सुका जवळा कवचासकट अख्खा खातात, तो तर उत्तमच. चहातलं दूध मोजू नका, ते दोन चमचे असतं. उपवासांची रांग असलेल्या बायकांना माझं वेगळं सांगणं आहे : साबुदाण्यात हाडासाठी काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही घ्या. आणि रोजच्या जेवणात सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्यात तळाला उरलेल्या वरणाच्या पाण्यावर भागवू नका. डाळ तुम्हालाही लागते.

गोळी घ्यायचीच तर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कार्बोनेट असेल तर जेवणासोबत घ्या. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, तीही ठरावीक आठवडेच. कुणी चुकून रोज घेतं, कुणी वर्षानुवर्षं थांबवतच नाही. रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या होतात, भ्रम होतो, मूत्रपिंडाला इजा होते.

हाडांची खरी तपासणी म्हणजे डेक्सा, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणं. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो कागद देतात, त्यावरून आजार ठरत नाही. पासष्टीनंतर डेक्सा सगळ्यांनी करावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, आईचा खुबा मोडला असेल, स्टेरॉइड बरेच दिवस घेतले असतील किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर आधीच.

व्यायामात चालणं चांगलं, पण तेवढं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांनी उचला, ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. आणि न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवा, भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. खुबे मोडण्याची सुरुवात बरेचदा तिथेच होते.

बाईमाणसाला हार्ट अटॅक येतो का?

येतो. बायकांच्या मृत्यूंमध्ये हृदयविकार सगळ्यांत वरच्या कारणांत आहे. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनचा थोडा आडोसा असतो, तो गेला की कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तदाब वाढतो, पोटावर चरबी येते. बायकांमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ भरून येणं, मळमळ, एकाएकी घाम, कधी नव्हे असा थकवा, अशी लक्षणं दिसतात. "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊन झोपलेल्या बायका सकाळी हाताला लागत नाहीत. अशा वेळी १०८ ला फोन करून गाडी बोलवा आणि ईसीजी काढा. एरवी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन बघा. पाळी गेल्यावरही हिमोग्लोबिन कमीच राहत असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊ नका. रक्त आता कुठून जातंय, हे शोधावं लागतं. पोट, आतडी, मूळव्याध, सगळं तपासावं लागतं.

त्रास काही नाही. मग कॅन्सरची तपासणी कशाला?

त्रास नसतानाच करायची असते ती. आणि याचा पुरावा परदेशातून आणावा लागत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३० हजारांहून अधिक बायकांवर अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगाने त्यावरून धोरणं आखली. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातल्या आणि गावोगाव फिरलेल्या माणसांनी हे घडवलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांमधला, टाटा रुग्णालयाचा. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. मॅमोग्राफीचं (स्तनाच्या एक्स-रेचं) यंत्र गावात नाही म्हणून काहीच न करणं चूक, हे त्यातून कळतं.

सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते. एक बारकावा सांगते : पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे व्हिनेगर लावून बघायची तपासणी कमी भरवशाची ठरते. शक्य असेल तर एचपीव्ही किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) करा. मशेरी लावत असाल तर तोंड आधी दाखवा. मशेरी भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे.

झोप नाही, कारण नसताना रडू येतं. माझं मन कमकुवत झालंय का?

हार्मोनच्या चढउताराने मन हलतं, रात्रीच्या घामाने झोप मोडते आणि नेमक्या याच वयात मुलं घराबाहेर जातात, सासू-सासरे अंथरुणाला खिळतात. सगळा भार एकाच माणसावर येतो. यात कमकुवतपणा कसला? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आई काहीच सांगत नाही. आम्ही मुलांनी काय करायचं?

"काय होतंय?" असं विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा नेमकं विचारा. रात्री किती वेळा उठतेस? जिना चढताना दम लागतो का? कुठे डाग दिसला होता का? शेवटचा प्रश्न मुलीने किंवा सुनेने विचारलेला बरा. मुलाने निदान फी भरावी आणि गाडी काढावी. तपासणीला सोबत या, तिची औषधं आणि जुने कागद पिशवीत घेऊन या, जे सांगायचं ते सांगा. आणि मग दहा मिनिटं बाहेर जाऊन बसा. तिला पडद्याशी थांबावं लागू नये.